लढाया, विमाने आणि दूरच्या वाटा : गटात वाचावीत अशी चार पुस्तके

 

आज मी तुम्हाला पुस्तके सुचवणार आहे. लोणची-पापडाची नाहीत, शिवणकामाची नाहीत. लढायांची, विमानांची आणि अनोळखी मुलखात शिरलेल्या माणसांची. आता कोणी म्हणेल, ताई, हे तर पुरुषांचे विषय. वाचनालयातसुद्धा ते कपाट मुलांच्या बाजूला असते. तलवारी, तोफा, रणगाडे, हिमालय. आपल्याला त्यांचे काय?

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. तेव्हा लढाईचे वर्ष, जागा, कोण जिंकले, तह कोणता झाला, एवढे पाठ केले की मार्क मिळायचे. पुढे गटांचे काम करू लागले, वह्या तपासू लागले, आणि तीच पुस्तके वेगळी दिसू लागली. आपल्या हिशोबाच्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. एखाद्या सचिवाने नुसती जमेची बाजू वाचून दाखवली, तर आपण तिला सोडतो का? लगेच विचारतो, बाई गं, खर्च कुठे गेला? इतिहासाच्या पुष्कळ पुस्तकांत जमेची बाजू मोठ्या अक्षरात असते. अमक्याने किल्ला घेतला, तमका आकाशात उडाला, ढमक्याने नवा मुलूख शोधला. खर्च कोणाच्या अंगावर पडला, भाकरी कोणी थापली, कपडे कोणी धुतले, दागिना कोणी गहाण टाकला, हे शोधावे लागते. काही चांगल्या पुस्तकांत मात्र दोन्ही बाजू सापडतात. त्यांतली चार आज सांगते.

पहिले पुस्तक आपल्या मराठीतले. नाव 'माझा प्रवास', लिहिणारे विष्णुभट गोडसे. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या वरसई गावचे हे भटजी. घरावर कर्ज झालेले. तेव्हा कानावर आले की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा चांगली मिळेल. म्हणून १८५७ साली गोडसे भटजी आपल्या काकांबरोबर पायी उत्तरेला निघाले. हे लढायला निघाले नव्हते, बंड बघायला तर नाहीच नाही. कर्ज फेडायला निघाले होते. आणि जाऊन सापडले ते थेट सत्तावन्नच्या बंडात.

आपल्यातल्या किती जणी कर्ज फेडण्यासाठी घर सोडून ऊसतोडीला, वीटभट्टीला गेल्या आहेत. त्यांना हे पुस्तक वाचताना भटजी परका वाटणार नाही. वाटेत कुठे मुक्काम केला, काय शिजवले, गाठीचे पैसे कसे लपवले, कोणी लुटले, सगळे त्यात आहे. असा बारकावा सेनापतीच्या चरित्रात मिळत नाही.

फिरत फिरत भटजी झाशीला पोचले. राणी लक्ष्मीबाईंच्या राज्यात राहिले. राणीची रोजची वागणूक, तिचा व्यायाम, घोड्यावर बसणे, दरबार, दानधर्म, हे त्यांनी जवळून पाहिलेले आहे. चैत्रातले हळदीकुंकूही त्यात येते. मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. १८५८चा मार्च महिना. इंग्रज सेनापती ह्यू रोझ फौज घेऊन झाशीवर चालून येतो आहे. आणि त्याच सुमाराला शहरातल्या बायका नटूनथटून हळदीकुंकवाला जात आहेत. थोड्याच दिवसांत त्याच शहरावर तोफांचे गोळे पडू लागले. वेढा पडल्यावर झाशीच्या बायकांनी कामही केले. खुद्द ह्यू रोझने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की बायका तोफांच्या मोर्चांवर राबताना आणि दारूगोळा वाहून नेताना दिसल्या. शत्रूनेच लिहिले आहे, तेव्हा ते कोणी वाढवून सांगितले असे म्हणता येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज फौज शहरात शिरली. राणी किल्ल्यातून निसटली. मागे राहिलेल्या लोकांचे काय झाले, ते गोडसे भटजींनी सांगितले आहे, कारण ते स्वतः मागे राहिले होते. कत्तल, आगी, विहिरीत उड्या टाकणारी माणसे, घरोघर लूट. आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस सांगताना या माणसाचा जीव तुटतो. शाळेच्या पुस्तकात आपण 'झाशी पडली' एवढे दोन शब्द वाचतो. ते दोन शब्द म्हणजे काय, हे या पानांवर कळते.

पुढे एकदा वाटेत, काल्पीच्या बाजूला, भटजींची राणीशी पुन्हा गाठ पडते. लढाईत हरून, धुळीने माखून, तहानेने व्याकूळ झालेली राणी एका विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते, मातीच्या मडक्याने स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. तिथे ती जे बोलते ते मी सांगत नाही, ते तुम्ही पुस्तकातच वाचा. पुतळ्यातली राणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पाठीवर मूल, हातात तलवार. विहिरीवर पाणी शेंदणारी, थकलेली, एकटी पडलेली राणी फक्त इथे भेटते. जून महिन्यात ग्वाल्हेरला ती लढता लढता गेली.

भटजी शेवटी घरी परतले. पैसा जवळजवळ नाहीच. आणले ते आई-वडिलांसाठी काशीहून गंगेचे पाणी, कावडीतून. पुढे पंचवीसएक वर्षांनी इतिहासकार चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह केला, म्हणून त्यांनी हे सगळे लिहून काढले. इंग्रजी राज्यात ते छापायची धास्तीच होती. शेवटी १९०७ साली वैद्यांनी ते छापले, तेही आपला हात फिरवून. मूळ लिखाणाप्रमाणे पुस्तक पुढे दत्तो वामन पोतदारांनी काढले. घ्यायचे तर ती प्रत विचारून घ्या. एक सावधगिरीही सांगते. हे लिखाण एका भटजीच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. जातीपातीच्या त्या काळच्या समजुती त्यात आहेत. ऐकीव गोष्टीही आहेत आणि इतक्या वर्षांनी आठवून लिहिलेले असल्याने तपशिलात घसरणही आहे. वाचताना विचारत राहायचे, हे यांनी स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले?

दुसरे पुस्तक फार लांबचे, रशियाकडचे. लिहिणारी बाई बेलारूस देशाची, नाव स्वेतलाना अलेक्सिएविच. २०१५ साली तिला साहित्याचे नोबेल मिळाले. तिचे हे पुस्तक १९८५ साली छापून आले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'युद्धाचा चेहरा बाईचा नाही' असा होतो. इंग्रजीत ते सहज मिळते. ज्यांच्या घरी कॉलेजला जाणारी मुलगी किंवा सून आहे, त्यांनी तिला वाचायला लावून एकेक गोष्ट मराठीत सांगायला सांगावी. गोष्टी छोट्या छोट्या आहेत, दोन पानांच्या, कधी अर्ध्या पानाच्या.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली हिटलरच्या जर्मनीने रशियावर, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघावर हल्ला केला. त्या युद्धात सोव्हिएत सैन्यातून आठ ते दहा लाख बायका गेल्या. परिचारिका होत्या, डॉक्टर होत्या, तशाच बंदूक चालवणाऱ्या, रणगाड्यावरच्या, विमानातल्याही होत्या. आणि स्वयंपाक करणाऱ्या, पाव भाजणाऱ्या, कपडे धुणाऱ्याही होत्या. युद्ध संपले, विजयाचे मोठमोठे ग्रंथ निघाले, पण या बायकांना कोणी विचारले नव्हते. स्वेतलाना पत्रकार होती. टेपरेकॉर्डर घेऊन ती गावोगाव, घरोघर फिरली, शेकडो बायकांशी बोलली. स्वयंपाकघरात बसून, चहा पीत, रडत, हसत त्यांनी जे सांगितले ते तिने लिहिले.

त्या काय सांगतात? वेण्या कापल्या ते सांगतात. पुरुषांच्या मापाचे बूट आणि पुरुषांचेच आतले कपडे घालावे लागले ते सांगतात. धोबीणकाम करणाऱ्या तुकडीची हकिगत आहे. रक्ताने, चिखलाने, उवांनी भरलेले सैनिकांचे कपडे दिवसरात्र हाताने धुवायचे. साबण असा जहाल की हात सोलून निघायचे, नखे गळायची. पदके वाटताना धोबिणी कितीदा आठवल्या असतील? पण स्वच्छ कपड्याशिवाय सैनिक आजारी पडतो आणि आजारी सैनिक लढत नाही, एवढे तर आपल्यालाही कळते.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. एका बाईची मुलाखत घ्यायला स्वेतलाना गेली. त्या बाईच्या नवऱ्याने आदल्या रात्री जागून तिला लढाईचा इतिहास पाठ करून घेतला होता. तारखा, तुकड्यांची नावे, सेनापती. रडायचे नाही, बायकी गोष्टी सांगायच्या नाहीत, मी शिकवले तसेच सांग, असे बजावले होते. स्वतः रणांगण पाहिलेल्या बाईला तिची लढाई नवऱ्याने शिकवायची! मैत्रिणींनो, ग्रामसभेत आपण बोलायला उभ्या राहिलो की मागून कोणीतरी हळूच सांगते, असे बोल, तसे बोलू नको. ते आठवते की नाही?

आणि घरी परतल्यावर? पुष्कळ जणींनी पदके पेटीच्या तळाशी लपवली. युद्धावर पुरुषांमध्ये राहून आलेली मुलगी म्हणून लोक नावे ठेवायचे, लग्न जमायचे नाही. पुरुषांना विजयाचा मान मिळाला, यांना गप्प राहावे लागले. चाळीस वर्षे त्या गप्प होत्या, कारण विचारणारे कोणी आले नव्हते.

या पुस्तकात वैमानिक बायकाही बोलतात, त्यामुळे आता आपण विमानांकडे वळू. मरिना रास्कोवा नावाची एक नामवंत सोव्हिएत वैमानिक बाई होती. तिच्या खटपटीने १९४१ साली बायकांच्या तीन हवाई तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांतली एक रात्री बॉम्ब टाकणारी. चालवणाऱ्या बायका, वाट दाखवणाऱ्या बायका, यंत्र दुरुस्त करणाऱ्या बायका, बॉम्ब चढवणाऱ्याही बायकाच. विमाने होती लाकडाची आणि कापडाची, वरून उघडी, अगदी सावकाश जाणारी. एरवी ती शिकाऊ वैमानिकांसाठी आणि पिकांवर फवारणी करण्यासाठी वापरत. अशा विमानातून, कडाक्याच्या थंडीत, काळोखात या मुली शत्रूवर जायच्या. लक्ष्य जवळ आले की इंजिनाचा आवाज अगदी कमी करायच्या आणि घारीसारखे तरंगत येऊन बॉम्ब टाकायच्या. जर्मन सैनिकांना वरून फक्त वाऱ्यासारखी सळसळ ऐकू यायची. त्यांनी या बायकांना नाव ठेवले, रात्रीच्या चेटकिणी.

चेटकीण हा शब्द आपल्याला नवा नाही. एखादी बाई भारी पडू लागली की तिला कोणता शब्द चिकटवतात, हे गावोगाव ठाऊक आहे. त्या मुलींनी मात्र पुढे तो शब्द भूषणासारखा मिरवला. एका रात्रीत आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या मारायच्या. युद्ध संपेपर्यंत या तुकडीने तेवीस हजारांच्या वर फेऱ्या मारल्या आणि तीसएक जणी गमावल्या. युद्धाची पहिली काही वर्षे त्यांच्याजवळ हवाई छत्रीसुद्धा नसायची. खर्चाची बाजू त्याही सांगतात. एवढ्या ताणाने आणि जड बॉम्ब उचलून पुष्कळ जणींची पाळीच बंद झाली होती. हे वाक्य लढायांच्या जाडजूड ग्रंथांत तुम्हाला मिळणार नाही. ते एका बाईने दुसऱ्या बाईला सांगितले म्हणून छापून आले.

आपल्या देशातही १९३६ साली, लाहोरला, सरला ठकराल या एकवीस वर्षांच्या तरुणीने साडी नेसून एकटीने विमान चालवले होते. तेव्हा तिच्या पदरात लहान मुलगी होती. १९९९च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी हेलिकॉप्टर चालवून जखमींना आणायला आणि सामान पोचवायला मदत केली. आणि आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या एनडीएत २०२२पासून मुलींना प्रवेश मिळतो. बारावीची परीक्षा देणारी मुलगी उद्या तुमच्याजवळ येऊन म्हणेल, आई, मला फॉर्म भरायचा आहे. तेव्हा हो किंवा नाही तुम्हालाच म्हणायचे आहे. त्याआधी ही पुस्तके वाचलेली बरी. म्हणजे नुसते कौतुकही करणार नाही आणि नुसती भीतीही घालणार नाही.

तिसरे पुस्तक तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिले असेल. 'अग्निपंख', डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे आत्मचरित्र. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणले आहे. शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक हमखास असते. मुलाला बक्षीस मिळते, पुस्तक फडताळात जाते आणि तिथेच राहते. ते बाहेर काढा.

कलाम रामेश्वरमचे. लहानपणी महायुद्ध सुरू झाले तेव्हा अचानक चिंचोक्यांना भाव आला. पोरगा चिंचोके गोळा करून दुकानात विकायचा, दिवसाला एक आणा मिळायचा. गाडी त्यांच्या स्टेशनवर थांबेनाशी झाली, तेव्हा चालत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकत. ते उचलायला तो आपल्या भावाला मदत करायचा, ती त्याची पहिली कमाई. पुढे मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत विमानांचे शिक्षण घ्यायचे ठरले. निवड झाली, पण प्रवेशाला साधारण हजार रुपये लागत होते. त्या काळी हजार रुपये म्हणजे त्या घराला आवाक्याबाहेरचे. तेव्हा बहीण पुढे आली. जोहरा तिचे नाव. तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली.

पुस्तकात हे सगळे अगदी थोडक्या ओळींत आहे. पुढचे शेकडो पानांचे आयुष्य, ती अग्निबाणांची कहाणी, त्या ओळींवर उभी आहे. कलामांनी ते झाकलेले नाही, याचे मला मोल वाटते. स्वतःच्या कमाईने बांगड्या सोडवायच्या असे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवले, आणि शिष्यवृत्ती मिळवायची तर अभ्यास जोरात करायचा, हेही. हा भाग गटात वाचला तेव्हा एका काकूंनी विचारले, सावकाराने व्याज किती लावले असेल? सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता. आपल्या अंतर्गत कर्जाच्या वहीत 'मुलाच्या फीसाठी', 'मुलीच्या कॉलेजसाठी' असे किती तरी वेळा लिहिलेले असते. तेही कोणाच्या तरी पुस्तकातले पहिले पान असू शकते.

हेच पुस्तक वाचताना अपयशाचा भाग गाळू नका. वैमानिक व्हायचे म्हणून कलाम डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीला गेले. पंचवीस जणांत नववा नंबर आला आणि घ्यायचे होते आठ. एका जागेसाठी आकाश हुकले. पुढे त्यांच्या हाताखाली झालेल्या उपग्रह सोडणाऱ्या यानाचे पहिले उड्डाण १९७९ साली समुद्रात कोसळले, आणि १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले. दहावीत नापास झालेल्या मुलाच्या आईने हा भाग त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

चौथे पुस्तक हिंदीत आहे, पण आपल्याला कळेल अशा हिंदीत. 'एशिया की पीठ पर', उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी तयार केलेले, नैनीतालच्या 'पहाड' संस्थेने काढलेले. त्यात नैनसिंग रावत या माणसाचे जीवन आणि त्याचे स्वतःचे लिखाण आहे. पुस्तक मोठे आहे, सगळे वाचायची गरज नाही. ल्हासाच्या प्रवासाचा भाग वाचा.

नैनसिंग कुमाऊँच्या डोंगरातला, मिलम गावचा. तिथले लोक तिबेटशी व्यापार करायचे. हा शाळामास्तर झाला, म्हणून लोक त्याला पंडित म्हणत. त्या काळी तिबेटात गोऱ्या माणसाला शिरू देत नसत. इंग्रज सरकारला तर त्या मुलखाचा नकाशा हवा होता. म्हणून त्यांनी डोंगरातल्या आपल्या माणसांना मोजणी शिकवली आणि वेष बदलून पाठवले. नैनसिंग १८६५ साली निघाला, नेपाळमार्गे १८६६च्या जानेवारीत ल्हासाला पोचला.

मोजणी कशी केली ते ऐका, ही गंमत घरी मुलांनाही सांगा. त्याला ठरावीक मापाचे पाऊल टाकायला शिकवले होते. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढेच. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ. आपल्या माळेत एकशे आठ मणी असतात, त्याच्या माळेत शंभर. शंभर पावले झाली की एक मणी पुढे. पूर्ण माळ झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. बघणाऱ्याला वाटायचे, यात्रेकरू जप करतो आहे. तिबेटी लोक हातात फिरवतात त्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी त्याच्या नोंदींचे कागद असायचे. उंची काढायला तो पाणी उकळून त्याची उष्णता मोजायचा. उंच डोंगरावर पाणी कमी उष्णतेला उकळते, म्हणूनच तिथे डाळ शिजायला वेळ लागतो. चुलीवरची गोष्ट, पण तिच्यावरून त्याने ल्हासाची उंची काढली. त्या प्रवासात तो बाराशे मैल चालला आणि सुमारे पंचवीस लाख पावले मोजली. पकडला गेला असता तर जीव गेला असता.

ल्हासात त्याच्याजवळचे पैसे संपले. मग त्याने काय केले असेल? तिथल्या व्यापाऱ्यांना हिशोब ठेवायला शिकवून पोट भरले. आपल्या गटाला वही लिहायला शिकवणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावे, आपला धंदा फार जुना आहे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंगला सुवर्णपदक दिले. इथेही दोन्ही बाजू बघायच्या. मोजणी त्याची, पाय त्याचे, जीव त्याचा. नकाशा मात्र साम्राज्याच्या कामाला आला. आणि तो वर्ष-वर्ष बाहेर असताना मिलममध्ये घर, जनावरे, लोकर यांचे काम कोण बघत होते, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता ही पुस्तके वाचायची कशी, ते सांगते. गटाची सभा झाली, बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झाले की पंधरा मिनिटे ठेवा. वाचता येणारी एक जण मोठ्याने वाचेल, बाकीच्या ऐकतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हे खास करा, कारण अनुभव त्यांच्याजवळ जास्त असतो. एका सभेला दोन-तीन पाने पुरेत. पुस्तके ग्रामपंचायतीच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात मागा. नसतील तर मागणी लिहून द्या, वाचनालयाने ती घ्यायला हवी. चार गटांनी मिळून एकेक प्रत विकत घेतली आणि फिरवली तरी चालेल.

कादंबरी आणि इतिहास यांत घोळ करू नका. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी आहे. ती जरूर वाचा, पण त्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत हे ध्यानात ठेवून वाचा. त्याच लढाईवर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे पुस्तक आहे, तो इतिहास. कागदपत्रे तपासून, कारणे शोधून लिहिलेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर फरक आपोआप कळतो. पानिपतच्या वाटेवर फौजेबरोबर पार्वतीबाईंसारख्या मोठ्या घरच्या बायका होत्या आणि तीर्थयात्रेला निघालेली कितीतरी साधी माणसेही होती. त्यांचे पुढे काय झाले, हे विचारत वाचा.

आणि एक शेवटचे. गोडसे भटजींनी लिहिले, कारण वैद्यांनी विचारले. त्या सोव्हिएत बायका बोलल्या, कारण स्वेतलाना दारात आली. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, नगर, किती जिल्ह्यांतून माणसे फौजेत गेली. साताऱ्याजवळचे आपशिंगे तर मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. त्या घरांतल्या आज्या अजून आहेत. १९६५ला, १९७१ला नवरा सरहद्दीवर असताना ज्यांनी एकटीने शेत केले, मनीऑर्डरची वाट पाहिली, आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतले, तार आली की ज्यांचे पाय गळाले. त्यांना कोणी विचारले आहे का? तुमच्या गटात किंवा आळीत अशी आजी असेल तर एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्याजवळ जाऊन बसा. ती सांगेल तसे लिहा. तारखा चुकल्या तर चुकू द्या, तिला पाठ करून घेऊ नका. खाली गावाचे नाव, तिचे नाव आणि तुम्ही लिहिले तो दिवस घाला, आणि लिहिलेले तिला एकदा वाचून दाखवा. अशा वह्या झाल्या की आपल्या रेडिओ केंद्रावर घेऊन या. आजींची हरकत नसेल तर आपण त्या त्यांच्याच आवाजात ऐकवू. तोवर 'माझा प्रवास'पासून सुरुवात करा. नमस्कार.